टोपू

परातीतली लादी कापताना काशीनं श्वास धरून ठेवला होता. सुरी तळापर्यंत गेली, कड सुटली आणि पहिली वडी अलगद वर आली. मोडली नाही, सुरीला चिकटली नाही. काशीनं ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात पाहिली. फिकट, जराशी हिरवट, खरवसासारखी थरथरणारी. याआधी केलं तेव्हा नुसता लगदा झाला होता.

"मंगळू, कढई ठेव," ती म्हणाली. "आज जमला."

मंगळू शाळेतला कामाठी. त्यानं कढई चुलीवर ठेवली खरी. याआधीचा सगळा लगदा त्यानंच घमेल्यात भरून मागच्या खड्ड्यात नेऊन टाकला होता, त्यामुळे त्याचा कशावर विश्वास राहिला नव्हता.

शहापूरहून आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या आश्रमशाळेत काशी स्वयंपाकीण होती. मूळची मुरबाडकडची. लग्न होऊन इकडं आली. नवरा खडी फोडायच्या कामावर म्हणून घाटावर गेला तो गेलाच. पदरात एक मुलगी होती. तिला घेऊन काशी शाळेच्या भटारखान्यात रोजानं कामाला लागली आणि पुढं कायम झाली. मुलगी याच शाळेत शिकली, वाढली, लग्न होऊन सासरी गेली. काशी राहिली. भात, डाळ, बटाट्याची भाजी. पुन्हा भात, डाळ, बटाट्याची भाजी. तिच्या हाताखालून पोरांच्या कितीतरी तुकड्या जेवून बाहेर पडल्या. जेवण चांगलं झालंय असं तिला कोणी म्हटलं नव्हतं आणि वाईट झालंय असंही नाही. पोरं भुकेली असायची, समोर येईल ते खायची, ताट घासून ठेवायची आणि पळायची. यात तिला वाईट वाटण्यासारखं काही आहे हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

ते ध्यानात आलं स्नेहलमुळे. स्नेहल शहापूरच्या एका संस्थेत कामाला होती. पोरगी कुणब्याची, मुंबईला जाऊन अन्नाविषयीचं काहीतरी शिकून आलेली. दिवाळीनंतर ती शाळेत आली आणि मुख्याध्यापक वेखंडे सरांसमोर बसून तिनं आपलं म्हणणं मांडलं. पोरांच्या जेवणात डाळीचं पाणीच जास्त असतं. दूध, पनीर परवडत नाही. सोयाबीन इकडं होत नाही. पण भात कापून झाला की त्याच शेतात नुसत्या ओलीवर वाल येतात, चवळी येते. ते भिजवायचे, मोड आणायचे, सोलून वाटायचे, फडक्यातून गाळून त्याचं दूध काढायचं आणि ते आटवून त्याची लादी पाडायची. परदेशात सोयाबीनचा असा पदार्थ करतात, त्याला टोफू म्हणतात. आधी पोरांना आवडतं का पाहू. आवडलं तर पाड्यावरच्या बायांना शिकवू, त्या बाजारात विकतील, हायवेवरची हॉटेलं घेतील. सरांनी परवानगी दिली. दाराबाहेर कान देऊन उभ्या असलेल्या पोरांनी टोफूचं टोपू केलं आणि दिवसभर एकमेकांच्या डोक्यावर टोप ठेवून हसत राहिली.

पहिल्यांदा टोपू ताटात आला तेव्हा सातवीतली काजल म्हणाली होती, हा तर भिजलेला साबण. दुसऱ्या वेळी स्नेहल स्वतः वाढायला उभी राहिली. तिनं विचारलं, आवडलं का? सगळ्यांनी एका सुरात हो ताई म्हटलं आणि ती पाठमोरी झाली तशी ताटं एकेक करून खिडकीबाहेर रिकामी झाली. काशीनं ते पाहिलं. सांगावं की नाही असं तिला झालं, पण पोरगी वहीत काहीतरी आनंदानं लिहीत होती ते तिला बघवेना. तिनं सांगून टाकलं. स्नेहलनं लिहिलेलं खोडलं आणि ती भटारखान्याच्या पायरीवर येऊन बसली. मग दोघींनी मिळूनच विचार केला. स्नेहल म्हणाली, जास्त आटवूया, म्हणजे लादी घट्ट बसेल, आणि तळून घेऊया. काशी म्हणाली, कांदाखोबरं भाजून काळा रस्सा करते, आमच्या पोरांना तो लागतो. जाताना स्नेहलनं बजावून सांगितलं, मावशी, एक लक्षात ठेवा, वाल कच्चे राहिले तर पोटाला त्रास होतो. दूध घट्ट झालं तरी उतरवू नका, चांगलं रटरटू द्या.

आणि आज जमलं होतं.

पंगत बसली. काशीनं हात आखडता घेऊन वाढलं, चारचार वड्या आणि वर रस्सा. नेहमीचा गोंगाट हळूहळू बसला. पोरं मान खाली घालून जेवू लागली. हनुमान नावाचा एक हट्टी पोरगा होता, त्यानं वडी बोटानंही शिवली नाही. आपल्या चारही काजलच्या ताटात टाकल्या आणि रस्साभात खाल्ला. बाकी सगळ्यांची ताटं साफ होत आली. मग भिंतीकडच्या रांगेतून अंजूनं हात वर केला. बारीक चणीची, कधी तोंड न उघडणारी पोर.

"मावशी, टोपू हाय का अजून?"

काशी वाढायची पळी घेऊन तशीच आत गेली. पदरानं तोंड पुसून बाहेर आली आणि खरवडून होता नव्हता तेवढा सगळा वाढून टाकला. तिच्या स्वतःच्या वाटणीला शिळी भाकरी आणि रस्सा उरला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट जेवताना ती मंगळूकडे बघून एकटीच हसत होती.

दुपार कलली. काशी नळावर कढई घेऊन बसली होती. तेवढ्यात मंगळू वर्गांकडून धावत आला. पाचवीतली दोन पोरं ओकत होती. काशी उठून जाईपर्यंत चार झाली, मग व्हरांड्यात रांगच लागली. कोणी पोट धरून बसलं होतं, कोणी रडत होतं. अंजू खांबाला टेकून बसली होती. काशीनं तिचा हात हातात घेतला तर तो गार पडलेला. वेखंडे सर रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि येणारी पहिली जीप त्यांनी अडवली, मग दुसरी. वीसेक पोरं दाटीवाटीनं भरून त्या शहापूरकडे निघाल्या. पोरांना सांभाळायला मंगळू आणि चार मोठ्या पोरी बरोबर घेतल्या, त्यांत काजल होती.

अंजूचं डोकं मांडीवर घेऊन काशी बसली होती. रस्ता खड्ड्यांचा. दर खड्ड्याला पोर कण्हायची आणि काशीच्या डोळ्यांसमोर सकाळची चूल यायची. लाकडं ओलसर होती. धूर झाला होता. दूध ढवळता ढवळता घट्ट झालं, तेवढ्यात धान्याचा टेम्पो आला म्हणून ती बाहेर गेली. परत आली तेव्हा पातेलं चुलीवर होतं की तिनं जाताना उतरवून ठेवलं होतं? पुन्हा रटरटलं होतं का? तिनं आठवायचा जेवढा जोर केला तेवढं सगळं धुरकट होत गेलं. लादी छान पडली एवढंच आठवत होतं. त्या आनंदात आपण कच्चंच वाढलं, असं तिच्या मनानं घेतलं आणि मग ते काही केल्या जाईना.

दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. जमिनीवर सतरंज्या टाकून पोरं झोपवली, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. डॉक्टरांनी विचारलं, दुपारी काय खाल्लं होतं? वेखंडे सर घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "नेहमीचंच होतं. फक्त या बाईंनी आज काहीतरी नवीन केलं होतं."

काशीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. परवानगी त्यांची होती, पण चुलीशी ती होती. ती पुढं झाली आणि म्हणाली, "हो. मीच केला. वालाचा."

संध्याकाळ व्हायच्या आत पाड्यांवरची माणसं टेम्पो करून आली. अंजूचे आईबाप भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलेले, म्हणून तिची आजी रखमी आली होती. अनवाणी, डोक्यावरचा पदर घसरलेला. नातीला पाहून तिनं सरळ काशीला गाठलं.

"काय घातलास गो माझ्या पोरीला?"

रखमीमागून आणखी माणसं आली. हनुमानचा बाप धाकलू म्हणाला, पोरं काय उंदीर हायेत का, कायपण घालून बघायला. कोणी म्हणालं हिला शाळेतून काढा, कोणी म्हणालं पोलिसांत द्या. एकानं तिचा दंड धरला. मंगळू मधे पडला म्हणून तेवढ्यावर भागलं. काशी भिंतीला पाठ लावून खाली बसली. त्यांचा राग तिला परका वाटत नव्हता. आपली मुलगी या सतरंजीवर असती तर आपणही हेच केलं असतं, असंच तिला वाटत होतं.

कोणाकडून तरी कळून स्नेहल धावत आली. ती काशीशेजारी फरशीवर बसली आणि हळूच विचारलं, "मावशी, नीट उकळलं होतं ना?"

"आठवत नाय."

"तुम्ही स्वतः खाल्लं होतं का? तुम्हाला काही होतंय?"

"मी खाल्लाच नाय. सगळा संपला," काशी म्हणाली, आणि इतका वेळ थोपवलेलं रडू तिला तेव्हा आलं. स्नेहलनं तिचा हात धरला.

दाराशी काजल उभी होती. नर्सनं दिलेला बिस्किटाचा पुडा तिच्या हातात होता आणि ती एकामागून एक बिस्किट खात होती. काशी डोळे पुसत तिच्याकडे नुसती बघत राहिली. पोर ठणठणीत होती. आपल्या वड्या आणि हनुमानच्या वड्या, दोन वाटण्या खाल्लेली पोर. काशीची नजर सतरंजीवर गेली. तिसऱ्या जागेवर, हाताला सलाइन लावलेला, हनुमान झोपला होता.

काशी उठली. तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. ती हनुमानजवळ जाऊन बसली आणि विचारलं, "तू टोपू खाल्लास का रे?"

त्यानं मान हलवली. "नाय. मी काजलला दिला."

"एक पण नाय?"

"मना आवडत नाय," तो म्हणाला.

डॉक्टर पलीकडच्या पोराची नाडी बघत होते. ते हे ऐकून थांबले. शाळेच्या मागं कुंपण कसलं आहे, असं त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, मोगली एरंडाचं, जुनंच आहे. डॉक्टर हनुमानजवळ उकिडवे बसले. रागावणार नाही, म्हणाले, फक्त खरं सांग. हनुमाननं ओठ घट्ट मिटले. कुंपणाकडं जायची शाळेत बंदी होती आणि गेल्यावर कसा मार बसतो ते त्याला ठाऊक होतं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती.

बोलली अंजू. आजीच्या मांडीवरून, भिंतीकडं तोंड करून.

"आमी बिया खाल्ल्या. कुंपनाच्या. शेंगदान्यासारख्या गोड लागतात."

डॉक्टरांनी खांदे सैल सोडले. या बियांनी पोरं आजारी पडायची त्यांना सवय होती. थंडीत बोंडं वाळली की कुठून ना कुठून पोरं येतातच, ते म्हणाले. उलट्या होऊन बी बाहेर पडली ते बरंच झालं, सकाळपर्यंत उठून बसतील. वालाचा याच्याशी काही संबंध दिसत नाही. एकेका पोराला विचारलं तसं सगळ्यांनीच कबूल केलं. जेवणानंतरच्या सुट्टीत कोणीतरी बोंडं फोडली होती आणि वाटून खाल्ली होती. मोठ्या पोरी भांडी विसळायला थांबल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या.

काशी कोणाकडे न बघता बाहेर गेली. आवारात नळ होता. तिनं तोंडावर पाणी मारलं, मग ओंजळ लावून प्यायली. पोटभर प्यायली तरी तहान भागेना. थांबून दम घ्यायची आणि पुन्हा प्यायची. पोरं जगणार होती. आणि तिनं काही केलं नव्हतं. या दोन गोष्टींतली आधी कोणती आठवावी हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरं परत आली. सरांनी कुंपण मुळापासून काढून घेतलं. त्यांना काशीशी काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं. दोनदा ते भटारखान्याच्या दाराशी येऊन मीठमसाल्याची चौकशी करून गेले. काशीनंही विषय काढला नाही. पण पाड्यांवर मात्र टोपूनं पोरं आजारी पडली हेच पसरलं. बियांची गोष्ट मागून निघाली आणि मागंच राहिली. आता पुन्हा तो प्रकार नको, असं सरांनी स्नेहलला कळवलं. वाल वाटायला आणून दिलेलं संस्थेचं यंत्र परत न्यायला ती आली तेव्हा काशीनंच ते धुऊनपुसून ठेवलं होतं.

"वाईट वाटतंय का मावशी?" स्नेहलनं विचारलं.

काशीनं खरं ते सांगितलं. वाईट वाटायला जागाच उरली नव्हती. रोज रात्री पडल्यावर पोरांच्या खोकल्याचे, कुजबुजीचे आवाज कानावर आले की तिला गाढ झोप लागत होती. स्नेहल म्हणाली, यंत्र आज राहू दे, रविवारी गाडी घेऊन येते.

रविवारी पालक भेटायला येतात. त्या रविवारी रखमी सगळ्यांच्या आधी आली. ती पोरीकडं गेली नाही, सरळ भटारखान्यात आली आणि तिनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. आत ओल्या फडक्यात वाल होते. मोड आलेले, एकूण एक सोललेले. एवढे वाल सोलायला तिला सबंध दिवस लागला असणार.

"आमच्या शेतातला हाय," ती म्हणाली. "माझ्यासमोर कर. मना बघायचाय."

काशीनं मूठभर वाल हातात घेऊन पाहिले. मग तिनं मंगळूला चूल पेटवायला सांगितली. वाल वाटले, गाळले, दूध चुलीवर चढलं. रखमी चुलीसमोरून हलली नाही. दूध घट्ट होऊन बुडबुडे यायला लागले तशी काशीनं पातेलं सरळ करायला हात घातला, तर रखमीनं तिचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे. उकळू दे अजून."

काशीला हसू आलं. रखमीलाही आलं, पण तिनं ते पदराआड घेतलं. दोघींनी आळीपाळीनं ढवळलं. लादी बसेपर्यंत भटारखान्याच्या दाराशी बरीच माणसं जमली होती. धाकलू होता, पाड्यावरच्या बाया होत्या, मागं सर उभे होते. गाडी घेऊन आलेली स्नेहल दारातच थबकली. काशीनं वड्या तळल्या, रस्सा केला, आणि पहिली ताटली रखमीपुढं ठेवली. रखमीला दाढा नव्हत्या. तिनं वडी जिभेवर घेतली, टाळूशी दाबली, पुढच्या चार दातांनी हळूहळू चावली. दुसरी घेतली. मग वर बघून म्हणाली, "मऊ हाय. माझ्या तोंडाला चालंल."

दारातली गर्दी आत आली. धाकलूनं आधी वास घेतला, मग खाल्ला, मग पोराला हाक मारली. हनुमाननं लांबूनच मान हलवली. मना नको, म्हणाला. त्याला कोणी आग्रह केला नाही. बाया स्नेहलभोवती जमल्या. चवळीचा होईल का, हरभऱ्याचा होईल का, किती दिवस टिकतो, असं विचारू लागल्या. टोपू हा शब्द त्यांच्या तोंडात पाड्यावरचाच असल्यासारखा बसला होता. यंत्र त्या दिवशी परत गेलं नाही. सरांनी एक वडी खाल्ली आणि काशीला म्हणाले, "त्या दिवशी मी घाबरलो होतो, काशीबाई." ती म्हणाली, "मी पण, सर." तेवढ्यावर ते मिटलं.

पुढं हायवेवरच्या हॉटेलांनी तो घेतला नाही. शहापूरच्या बाजारातही लोक हातात घेऊन वास घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. पाड्यांवर मात्र वालाच्या दिवसांत तो घरोघर होऊ लागला. म्हाताऱ्यांना आणि दात पडलेल्या पोरांना तो खास आवडायचा.

पण त्या रविवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. उन्हं कलली, माणसं आपापल्या वाटेनं निघाली. काशी खरकटी भांडी घेऊन नळावर आली तर रखमी आधीच तिथं बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून ती मोठी कढई राखेनं घासत होती.

"ठेव गो रखमाबाय, मी घासते," काशी म्हणाली.

रखमीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही. बोलणारही नव्हती. तिनं कढईच्या कडेची काजळी नखानं खरवडून काढली, मूठभर राख घेतली आणि पुन्हा जोर लावला. काशीनं हातातली भांडी खाली ठेवली. मग तिनं कळशी भरून घेतली, रखमीशेजारी वाकली आणि तिचे हात फिरतील तसं तसं कढईवर पाण्याची बारीक धार धरली.